माजाची तयारी विण्याआधीच

दोन-तीन वेळा रेतन करूनही गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की आमच्या भागातला गोपालक आधी औषधाच्या दुकानात जातो आणि ताकदीची म्हणून मिळणारी एखादी बाटली घेऊन येतो. दूध संकलनाच्या वेळी मला वरचेवर हाच प्रश्न विचारला जातो, "ताई, गाय उलटूनच राहिली, एखादी चांगली बाटली सांगा ना." कळमेश्वर तालुक्यातला आमचा गोठा संकरित गाईंचा आहे, सोबत थोड्या गवळाऊ (विदर्भातल्या देशी जातीच्या) गाई आहेत, दूध रोज नागपूरला जाते आणि प्रत्येक गाईच्या वेताची, माजाची, रेतनाची व खुराकाची नोंद मी स्वतः ठेवते. त्या नोंदींवरून आणि पशुवैद्यकांकडून जे शिकले त्यावरून माझे मत ठाम झाले आहे की पूरक आहाराचा गाभण राहण्याशी थेट आणि मोठा संबंध आहे, परंतु तो देण्याची खरी वेळ गाय उलटते तेव्हाची नसून ती विण्याच्या आधीची आणि विल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांची आहे.

याचे कारण गाईच्या अंडाशयात आहे. आज माज दाखवणाऱ्या गाईचे जे बीज सुटणार असते, त्याच्या वाढीला सुमारे अडीच-तीन महिन्यांपूर्वीच सुरुवात झालेली असते. विल्यानंतर साठ ते नव्वद दिवसांत गाय गाभण राहावी आणि बारा-तेरा महिन्यांनी पुढचे वेत मिळावे असा आपला हिशेब असतो. म्हणजे ज्या बीजावर आपण रेतन करतो, ते गाय विण्याच्या आसपास, तिच्या शरीरावर सर्वांत जास्त ताण असताना वाढीला लागलेले असते. त्या काळात तिच्या पोटात काय गेले, याचा परिणाम आपल्याला दोन-तीन महिन्यांनी दिसतो, आणि तोपर्यंत गोठ्यात कोणालाही त्या दिवसांची आठवण राहिलेली नसते.

विल्यानंतर चौथ्या ते आठव्या आठवड्यात दूध शिखरावर पोहोचते, मात्र गाईची भूक पूर्णपणे खुलायला दहा ते बारा आठवडे लागतात. मधल्या काळात ती खाते त्यापेक्षा जास्त ऊर्जा दुधातून देते आणि ही तूट अंगावरची चरबी वितळवून भरून काढते. तूट थोडी असेल तर बिघडत नाही. पण ती वाढली की मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे संप्रेरकांचे संकेत मंदावतात, बीज पक्व होत नाही, आणि गाय एक तर माजावरच येत नाही किंवा मुका, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणारा, माज दाखवते. म्हणून गाईच्या शेवटच्या बरगड्यांवर, कमरेच्या हाडांवर आणि शेपटीच्या बुडाशी हात फिरवून तिची अंगलट पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. पाच गुणांच्या मापात विताना गाय तीन ते साडेतीनच्या दरम्यान असावी आणि विल्यानंतर एका गुणापेक्षा जास्त उतरू नये, असा साधारण दंडक आहे. विताना फार लठ्ठ असलेली गायही तितकीच धोक्यात असते, कारण तिची भूक विल्यानंतर आणखी कमी होते आणि यकृतावर चरबी चढते.

कोणती पूरके द्यावीत याचा विचार करण्याआधी आपली जनावरे मुळात काय खातात ते पाहावे लागते, आणि ते नागपूर जिल्ह्याच्या दोन टोकांना एकसारखे नाही. काटोल, कळमेश्वर, सावनेर या बाजूला सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे कुटार (मळणीनंतरचा भुसा), थोडाफार ज्वारीचा कडबा आणि सरकीची ढेप (पेंड) हा मुख्य आहार आहे. पूर्वेकडे मौदा, रामटेक, कुही या पट्ट्यात धानाचे तणस (भाताचा पेंढा) हाच आधार असतो. तणसात सिलिकाचे प्रमाण जास्त, स्फुरद (फॉस्फरस) अगदी कमी, आणि जे थोडे कॅल्शियम असते तेही ऑक्झलेटमुळे गाईला पूर्णपणे मिळत नाही. कडधान्याच्या कुटारात कॅल्शियम त्या मानाने बरे असते, पण स्फुरदाची उणीव तिथेही राहतेच. याउलट गव्हाच्या किंवा धानाच्या कोंड्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. नुसते तणस खाणाऱ्या गाईची आणि कुटारासोबत घमेलेभर कोंडा खाणाऱ्या गाईची उणीव निराळी असते, त्यामुळे एकाच्या गाईला लागू पडलेला उपाय दुसऱ्याच्या गाईला लागू पडेलच असे धरून चालता येत नाही. क्षेत्रनिहाय खनिज मिश्रण ही कल्पना यातूनच आली. त्या भागातला चारा आणि जनावरांच्या रक्ताचे नमुने तपासायचे आणि तिथे जे कमी आढळते ते मिश्रणात वाढवायचे, असा तो विचार आहे.

चांगले खनिज मिश्रण ही माझ्या मते पूरक आहारातली पहिली आणि सर्वांत स्वस्त पायरी आहे. पाकीट घेताना दुकानदाराच्या शिफारशीआधी त्यावरचा तक्ता वाचावा. भारतीय मानक ब्युरोने जनावरांच्या खनिज मिश्रणासाठी आयएस १६६४ हे मानक ठरवले आहे, आणि त्यानुसार मीठ नसलेल्या मिश्रणात कॅल्शियम किमान २० टक्के व स्फुरद किमान १२ टक्के असावे लागते. स्फुरद हा मिश्रणातला महाग घटक असल्यामुळे हलक्या मालात काट तिथेच मारली जाते आणि शिंपल्याची किंवा चुनखडीची भुकटी वाढवून वजन भरले जाते. स्फुरदाचा आकडा छापलेलाच नसेल, तर ते पाकीट मी परत ठेवते. स्फुरदासाठी प्रक्रिया न केलेला खडक दळून घातला असेल, तर त्यातून फ्लोराइड पोटात जाण्याची भीती असते. मानकात फ्लोरीनला कमाल मर्यादा घातली आहे ती त्यासाठीच.

मात्रेविषयी गोंधळ होण्याचे कारण नाही. वासराला २० ते २५ ग्रॅम, मोठ्या कालवडीला व भाकड गाईला ५० ग्रॅम, आणि दुधाच्या गाईला दुधाच्या प्रमाणात १०० ते २०० ग्रॅम रोज, असे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. यातला रोज हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. एक पाकीट आणून आठवडाभर घालायचे, गाय माजावर आली नाही म्हणून थांबायचे आणि मिश्रणात काही दम नाही असे ठरवायचे, हा प्रकार मी फार पाहिला आहे. शरीरातला खनिजांचा साठा कित्येक महिन्यांत रिकामा झालेला असतो, तो आठवड्यात भरून निघत नाही. कोरडे मिश्रण गव्हाणीत नुसते पसरले तर गाय फुंकर मारून ते बाजूला सारते आणि वरची ढेप तेवढी खाते. सकाळी गव्हाणीच्या कोपऱ्यात करडी पावडर साचलेली दिसली की मात्रा पोटात गेलीच नाही असे समजावे. आम्ही रात्री भिजवलेली ढेप आणि चुनी (डाळीचा चुरा) घमेल्यात घेऊन, मिश्रण हाताने त्यात असे कालवतो की त्याचा एकही कण सुटा दिसता कामा नये, आणि मगच ते गाईपुढे ठेवतो. गोठ्यात टांगलेली चाटणवीट चांगली आहे, पण ती या रोजच्या मात्रेची जागा घेऊ शकत नाही, कारण कोणती गाय किती चाटते ते आपल्याला कळत नाही.

सूक्ष्म खनिजांपैकी तांब्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्याची उणीव डोळ्यांना दिसते. काळ्या होल्स्टीन संकरित गाईचा रंग विटका, तांबूस झाला, केस राठ होऊन उभे राहू लागले आणि डोळ्यांभोवतीच्या केसांचा रंग उडून चष्मा घातल्यासारखे वलय उमटले, तर तांब्याची शंका घ्यावी. अशा गाई बहुधा माजावर उशिरा येतात. वैरणीत किंवा पाण्यात मोलिब्डेनम आणि गंधक जास्त असले तर ते पोटातच तांब्याला बांधून टाकतात, त्यामुळे मात्रा योग्य असूनही उणीव राहू शकते. अशा ठिकाणी चिलेटेड, म्हणजे अमिनो आम्लाशी जोडलेली खनिजे उपयोगी पडतात. एरवी सगळ्याच गाईंना महागडे चिलेटेड मिश्रण घालण्याची गरज मला वाटत नाही. जस्त खूर, कातडी आणि सडाच्या आतल्या अस्तरासाठी लागते, मँगनीजच्या उणिवेने माज मुका होतो, आयोडीन कमी पडले तर वासरू अशक्त किंवा गळ्याला गाठ घेऊन जन्मते, आणि कोबाल्टपासून पोटातले जिवाणू गाईसाठी ब१२ जीवनसत्त्व तयार करतात. ज्यांच्याकडे मेंढ्याही आहेत त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: गाईचे मिश्रण मेंढ्यांना घालू नये, कारण तांबे मेंढीला फार लवकर बाधते.

जीवनसत्त्वांपैकी अ जीवनसत्त्वाचा सर्वोत्तम स्रोत हिरवा चारा आहे आणि त्याला तोड नाही. पावसाळ्यात गाईचे तूप गर्द पिवळे होते आणि उन्हाळ्यात फिके पडते, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. तो पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनचा असतो. बीज सुटल्यानंतर अंडाशयात जो पीतपिंड तयार होतो आणि ज्याच्या संप्रेरकावर गर्भ टिकतो, त्यातही हेच कॅरोटीन साठलेले असते. महिनोन्‌महिने उन्हात पडून पांढरा झालेला कडबा पोट भरतो, पण त्यात कॅरोटीन जवळजवळ शिल्लक नसते. म्हणून कडबा सावलीत रचावा, शक्य असेल त्याने लसूणघास किंवा बरसीमचा छोटा तरी तुकडा ठेवावा, हिरव्या मक्याचा मुरघास करावा, आणि काहीच नसेल तर बांधावरच्या शेवग्याचा पाला आटवलेल्या (विण्याआधी दूध काढणे थांबवलेल्या) गाईच्या तोंडी रोज थोडा तरी पडेल असे पाहावे. फाल्गुनापासून मृगापर्यंत हे जमणारच नसेल, तेव्हा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अ जीवनसत्त्वाचे पूरक देणे योग्य ठरते.

आता कॅल्शियमच्या बाटलीविषयी, कारण सर्वाधिक पैसा तिच्यावर खर्च होतो आणि सर्वाधिक गैरसमजही तिच्याविषयीच आहेत. गाय विण्याच्या महिनाभर आधीपासून रोज बाटलीने कॅल्शियम पाजले की दुग्धज्वर (विल्यावर रक्तातले कॅल्शियम घसरून होणारा आजार) होत नाही, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात जास्त दुधाच्या गाईच्या बाबतीत परिणाम उलट होऊ शकतो. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम कॅल्शियम असते, तर दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमहून अधिक कॅल्शियम बाहेर पडते. ही तफावत भरून काढण्यासाठी गाईला स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढावे लागते आणि आतड्यातून ते अधिक शोषून घ्यावे लागते. पण विण्याआधी तोंडाने भरपूर कॅल्शियम मिळत राहिले, तर शरीराची ही यंत्रणा सुस्त राहते आणि नेमक्या गरजेच्या दिवशी जागी होत नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमची बाटली आणि कॅल्शियमने भरलेला लसूणघास आवरता घ्यावा, मॅग्नेशियमची उणीव राहू देऊ नये, आणि ज्या गाईला मागच्या वेताला दुग्धज्वर झाला होता तिच्यासाठी या काळापुरते मिळणारे ॲनायनिक क्षारांचे (हाडांतून कॅल्शियम काढणारी यंत्रणा जागी ठेवणारे) मिश्रण पशुवैद्यकाला विचारून द्यावे. विल्यानंतर मात्र कॅल्शियम लगेच द्यावे. दुग्धज्वराचा आणि गाभण राहण्याचा संबंध दूरचा वाटेल, पण रक्तातले कॅल्शियम घसरले की गर्भाशयाचे स्नायू ढिले पडतात, जार (वार) अडकतो, पिशवीत घाण साचते, आणि अशी पिशवी पुढचा गर्भ सहजासहजी धरत नाही.

जार अडकण्यामागे सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची उणीवही असू शकते. जार सुटण्यासाठी शरीराच्या संरक्षक पेशींना जे काम करावे लागते, ते या दोहोंच्या अभावी मंदावते, आणि याच पेशी कासदाहापासूनही रक्षण करतात. वाळलेल्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व फार कमी उरते, म्हणून आटवलेल्या काळात ते देण्याचा चांगला उपयोग होतो. परंतु सेलेनियमची गरज आणि त्याची विषबाधा यांत अंतर फार थोडे आहे. दुकानातून इंजेक्शन आणून स्वतः टोचण्याचा मोह टाळावा.

विल्यानंतरच्या ऊर्जेच्या तुटीवर बायपास फॅट हा चांगला उपाय आहे. साधे तेल जास्त घातले तर कोठीपोटातल्या (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) जिवाणूंना अपाय होतो आणि वैरणीचे पचन बिघडते. बायपास फॅट कॅल्शियमशी बांधलेले असल्यामुळे तिथे न विरघळता पुढे जाऊन पचते. विण्याच्या दहा दिवस आधीपासून विल्यानंतर सुमारे नव्वद दिवस, रोज १०० ते २०० ग्रॅम, अशी त्याची पद्धत आहे. पंधरा-वीस लिटर दुधाच्या गाईला ते निश्चित परवडते. तीन-चार लिटर देणाऱ्या गवळाऊला त्याची गरज नाही. तिला पोटभर वैरण, मूठभर चुनी आणि मिश्रण एवढे पुरते.

ऊर्जेकडे दुर्लक्ष करून प्रथिने वाढवत नेणे हा मात्र आमच्या कापसाच्या पट्ट्यातला जुना दोष आहे. सरकीची ढेप हाताशी असते, तिने दुधाची फॅट बरी लागते, म्हणून दूध कमी झाले की ढेप वाढवली जाते. सोबत मका किंवा ज्वारीचा भरडा नसेल तर जादा प्रथिनांपासून रक्तात युरिया वाढतो, गर्भाशयातले वातावरण बदलते, आणि रुजू पाहणारा गर्भ टिकत नाही. त्या युरियाचा निचरा करण्यातही गाईची ऊर्जाच खर्च होते, आणि ती तर आधीच तुटीत असते. मोठ्या गाईचे पोट सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य बऱ्याच अंशी निष्प्रभ करते, पण लहान वासरांना आणि रेतनाच्या वळूला सरकी जपूनच द्यावी. पावसाळ्यात ओल लागून बुरशी आलेली ढेप किंवा मका तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण मक्यावरची एक बुरशी असे विष तयार करते की ते शरीरात मादीच्या संप्रेरकासारखे वागते आणि माजाचे चक्रच बिघडवते.

या सगळ्याला मर्यादा आहेत, त्याही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. रामटेककडे मालगुजारी (जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या) तलावांच्या काठी चरणाऱ्या गाईंना गोगलगाईंमार्फत यकृतातल्या चपट्या कृमींची लागण होऊ शकते. अशा गाईला कितीही खनिजे घातली तरी आधी जंतनाशक, आणि तेही नेमके त्या कृमीवरचे, द्यावे लागते. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गाभडणाऱ्या (गर्भपात होणाऱ्या) गाईच्या बाबतीत ब्रुसेला या जिवाणूची तपासणी करावी. त्याची लस मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयात देतात, आणि राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात तिचा समावेश आहे. माजच ओळखला गेला नाही तर पूरकांचा दोष नाही. माज १२ ते १८ तासांचा असतो, संकरित गाईत पुष्कळदा रात्री दिसतो. काचेसारखा स्वच्छ सोट (माजातला चिकट स्राव) दिसल्यावर, सकाळी माज आलेल्या गाईला संध्याकाळी आणि संध्याकाळी आलेल्या गाईला दुसऱ्या सकाळी रेतन करावे. सोट गढूळ किंवा पांढरट असेल तर रेतनाआधी उपचार हवेत.

नागपूरच्या उन्हाळ्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा गाय धापा टाकते, खाणे कमी करते, माज अगदी थोडा वेळ दाखवते, आणि नुकताच तयार झालेला गर्भही पहिल्या आठवड्यात नष्ट होऊ शकतो. त्या दिवसांत आम्ही खुराकाचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री देतो, मीठ आणि खाण्याचा सोडा पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणात वाढवतो, आणि सावलीतले थंड पाणी दिवसभर पुढ्यात ठेवतो. पूरकांनी उष्णतेचा मार थोडा सौम्य होतो, पण छपरावर तणस पसरून पाणी मारणे आणि फवारे लावणे याला पर्याय नाही.

ज्यांना आपल्या गाईच्या आहाराचा नेमका हिशेब हवा आहे त्यांनी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची आहार संतुलनाची पद्धत जरूर समजून घ्यावी. गाईचे वजन, दूध, फॅट आणि घरी उपलब्ध असलेला चारा यांवरून कमीत कमी खर्चात काय घालावे ते त्यात निघते. नागपुरात तर पशुवैद्यकांची कमतरता नाही. सेमिनरी हिल्सवरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही २००० पासून याच शहरात आहे. वारंवार उलटणारी गाय तिथे दाखवायला नेताना तिच्या वेताची तारीख, रेतनाच्या तारखा आणि रोजच्या खुराकाची वजनासह नोंद सोबत न्यावी. आमच्याकडे माघात विणाऱ्या गाई नुकत्याच आटवल्या आहेत. त्यांचे ५० ग्रॅम मिश्रण आणि शेवग्याचा पाला कालपासून सुरू झाला आहे, आणि कॅल्शियमच्या बाटल्या विण्याच्या दिवसापर्यंत कपाटातच राहतील.